चांगलें तें चांगलें कां?

ईश्वर आज्ञा करितो म्हणून सत्य बोलणें चांगलें, कीं तें मुळांतच चांगलें म्हणून ईश्वर तशी आज्ञा करितो? इंग्रजी विद्येंत वाढलेल्या आम्हां मंडळींस हा प्रश्न प्लेटोच्या संवादांतून परिचित असतो. परंतु बसरा व बगदाद येथील पंडितांनीं तो किती निकरानें लढविला, ह्याची वार्ता फारच थोड्यांस असते. इस्लामी धर्मशास्त्र म्हणजे केवळ विधिनिषेधांची जंत्री, हा समज आम्हीही पुष्कळ दिवस बाळगला होता.

मुतझिला पंथाचे लोक स्वतःस 'न्याय व एकत्व मानणारे' म्हणवीत. जुलूम वाईट हें धर्मग्रंथावांचूनही बुद्धीस कळतें, आणि ईश्वर अन्याय करीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ह्या बुद्धिवाद्यांचा इतिहास मात्र निष्कलंक नाहीं. कुराण निर्मित आहे हें त्यांचें मत खलिफा मामूननें इ. स. 833 मध्यें काझींकडून सक्तीनें वदवून घेण्यास आरंभ केला. तें नाकारणाऱ्या अहमद इब्न हनबलास बंदिवास व पुढें फटकेही सोसावे लागले.

सुमारें 912 च्या सुमारास त्याच पंथांतून अल-अशअरी फुटून निघाला. चांगलें-वाईट आज्ञेनेंच ठरतें, असा त्याचा पक्ष. धर्म विधिवाक्यावांचून कळत नाहीं असें मानणाऱ्या आमच्या मीमांसकांस हें ऐकून फारसें नवल वाटलें नसतें.

ह्या पक्षाचा थोर वकील अल-गझाली (1058-1111). बुडणाऱ्या परक्यास, स्तुतीची वा स्वर्गाची आशा नसणाराही वाचवितो, तो कां? असा प्रतिपक्षाचा सवाल. गझाली म्हणतो, पाहणारा स्वतःस बुडणाऱ्याच्या जागीं कल्पितो व ती वेदना टाळण्यासाठीं हात देतो. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. करुणा कशी उपजते हें त्यानें सांगितलें, ती चांगली कां हें तसेंच राहिलें.

परंतु हाच गझाली 1109 त पुऱ्या केलेल्या 'अल-मुस्तस्फा' ग्रंथांत धर्म, प्राण, बुद्धि, वंश व वित्त ह्या पांचांचें रक्षण हा शास्त्राचा हेतु ठरवितो, आणि मग अवघड प्रसंग घेऊन बसतो. शत्रूनें मुसलमान कैद्यांची ढाल केली व समस्त समाजाचा नाश निश्चित दिसला, तर त्या ढालीवरही शस्त्र चालवितां येईल. नाव बुडत आहे, एकास पाण्यांत लोटल्यास बाकीचे वाचतात. तेथें मात्र लोटतां येत नाहीं, कारण वाचणारे मोजके जण आहेत, समस्त समाज नव्हे. चिठ्ठ्या टाकून एकास निवडावें म्हटलें, तर चिठ्ठीसही येथें शास्त्राचा आधार नाहीं, असें तो बजावतो.