कोबाल्ट ब्लू : भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात, तेव्हा काय होतं?

उंब्रजवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर हायवेने दर वर्षी सातारा-सांगली भागातली कितीतरी मुलं-मुली शिकायला पुण्याला जातात. कोणी होस्टेलवर राहतं, कोणी कॉट बेसिसवर, तर कोणी एखाद्या कुटुंबात 'पेइंग गेस्ट' म्हणून. असाच एक पेइंग गेस्ट मराठीतल्या एका गाजलेल्या प्रेमकथेच्या मध्यभागी आहे. ती कादंबरी म्हणजे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू'.

कादंबरी कधी आली?

मौज प्रकाशनाने ती 2006 मध्ये प्रसिद्ध केली. कुंडलकर यांचा जन्म 1976 चा, पुण्यातला. ही कादंबरी त्यांनी विशीच्या सुरुवातीला लिहिली. 'रेस्टॉरंट', 'गंध', 'राजवाडे अँड सन्स', 'गुलाबजाम' या सिनेमांचे दिग्दर्शक म्हणून ते अनेकांना माहीत आहेत. 2013 मध्ये जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आणि ती मराठीबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली.

गोष्ट काय आहे?

(अजून वाचली नसेल तर सावधान, पुढे कथानक येतं.)

एक पारंपरिक मध्यमवर्गीय मराठी घर. आई-बाबा, मोठा भाऊ असीम, त्याच्या पाठचा तनय आणि धाकटी अनुजा. घरातली एक खोली भाड्याने दिली जाते आणि तिथे एक तरुण राहायला येतो. तो कलाकार आहे, एकटा आहे, स्वतःच्या मर्जीने जगतो. संपूर्ण कादंबरीत त्याचं नाव येत नाही.

तनय त्याच्या प्रेमात पडतो. अनुजाही पडते. दोघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते. काही महिन्यांनी ती परत येते, पण एकटीच. तो तिलाही सोडून गेलेला असतो.

मग यात वेगळं काय?

सांगण्याची पद्धत. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिला तनयचा. तो निघून गेलेल्या प्रियकराशी थेट बोलावं तसा बोलत राहतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी. माणूस तोच, घर तेच, दिवसही बरेचसे तेच. पण दोघांना दिसलेला माणूस वेगळा. काळ सरळ रेषेत जात नाही, आठवणी येतील तशा येतात. त्यामुळे पहिल्या भागात सहज वाचलेल्या एखाद्या प्रसंगाचा अर्थ दुसऱ्या भागात बदलतो.

खरं दुःख कोणाचं?

कादंबरीचा गाभा इथे आहे. अनुजा पळून गेली हे सगळ्यांना कळतं. घर हादरतं, लोक काय म्हणतील याची चर्चा होते, ती परतल्यावर तिचं पुढे काय करायचं यावर डोकी लागतात. तिचं दुःख बदनामीसकट का होईना, सर्वांना दिसतं.

तनयनेही तोच माणूस गमावलेला असतो. पण त्याला कोणी विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही घडलंय हेच कोणाला ठाऊक नसतं. बहिणीच्या काळजीत घर बुडालेलं असताना त्याला आपलं रडू लपवावं लागतं. आपलं नातं जगाला सांगता येत नसेल, तर ते तुटल्यावर सांत्वनही मिळत नाही. ही गोष्ट कादंबरी आरडाओरडा न करता दाखवते.

तेव्हा कायदा काय म्हणत होता?

कादंबरी आली त्या वर्षी भारतीय दंडविधानाचं कलम 377 पूर्णपणे लागू होतं. म्हणजे दोन सज्ञान पुरुषांचे संमतीचे शरीरसंबंधही गुन्हा ठरत होते. पुढचा प्रवास असा :

- 2 जुलै 2009 : दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.
- 11 डिसेंबर 2013 : सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.
- 6 सप्टेंबर 2018 : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला.
- 17 ऑक्टोबर 2023 : समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

थोडक्यात, आजच्या तनयवर गुन्हा दाखल होणार नाही. पण घरी सांगता येईल का, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. शहरातही नाही आणि गावातही नाही.

मराठीत असं लेखन आधी झालं होतं का?

प्रेमकथा मराठीला नव्या नाहीत. ना. सी. फडके आणि सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर यांच्या कादंबऱ्यांवर वाचकांच्या पिढ्या वाढल्या. समलिंगी प्रेम मात्र क्वचितच मध्यभागी आलं. विजय तेंडुलकर यांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 मध्ये रंगभूमीवर आलं, ते या वाटेवरचं महत्त्वाचं पाऊल होतं. त्यात एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे.

सिनेमा पाहिला तर पुस्तक वाचायची गरज आहे?

आहे. 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला सिनेमा हिंदी-इंग्रजीत आहे आणि तो 1990 च्या दशकातल्या फोर्ट कोचीत घडतो. प्रतीक बब्बर, नीलय मेहेंदळे आणि अंजली शिवरामन यांच्या त्यात मुख्य भूमिका आहेत. समुद्र, जुनी घरं आणि निळा रंग पडद्यावर सुंदर दिसतात. पण मराठी घरातली कुजबुज, जेवणाच्या वेळची शांतता, 'लोक काय म्हणतील'चा धाक यासाठी पुस्तकच हवं.

कादंबरी छोटी आहे, एक-दोन बैठकीत संपते. वाचून झाल्यावर पहिला भाग पुन्हा उघडा. तनय काय बोलतो याबरोबरच तो कोणासमोर गप्प राहतो, हेही या वेळी लक्षात येईल.