‘लिबर्टी’ : एका थिएटरच्या नावाचा अर्थ

मुंबईत मरीन लाइन्सला उतरून बॉम्बे हॉस्पिटलकडे निघालं की लिबर्टी सिनेमा लागतो. दर्शनी भागावरचं ते नाव आपण कितीदा तरी वाचलेलं असतं. पण थिएटरला कुणी ‘स्वातंत्र्य’ असं नाव का द्यावं? आज एवढाच प्रश्न घेऊ.

दक्षिण मुंबईतली दिमाखदार चित्रपटगृहं आठवा. रीगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ ची. मेट्रो तर एमजीएम या अमेरिकी कंपनीनंच उभारलं. गालिचे, झुंबरं, थंडगार हवा, सगळं होतं. पडद्यावर मात्र मुख्यतः इंग्रजी चित्रपट. म्हणजे चित्रपटाची भाषा कोणती, यावरून प्रेक्षकाचा मान ठरत होता, नाही का?

हबीब हुसेन यांनी ही रीत मोडली. हिंदी चित्रपटासाठी त्यांनी तसाच महाल बांधायला घेतला. देश नुकताच स्वतंत्र होत होता, म्हणून नाव ‘लिबर्टी’. १९४९ साली मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नं पडदा उघडला. आराखडा रिडली अ‍ॅबट यांचा; पुढे काम जे. बी. फर्नांडिस यांनी तडीस नेलं. आतली सजावट वामन नामजोशी यांची. जयपूरचं १९७६ चं राजमंदिर हेही त्यांचंच काम. लाकडी भिंती, पायऱ्यापायऱ्यांचा गिलावा, दिवा न दिसता पसरणारा उजेड, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना जणू गोठलेली कारंजी! ही आर्ट डेको शैली आली पश्चिमेकडूनच. पण ती आता आपल्या चित्रपटाच्या दिमतीला उभी राहिली.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही स्वातंत्र्याचे दोन अर्थ सांगत असू : बंधनातून सुटणं, आणि सुटल्यावर स्वतःचं काही उभारणं. लिबर्टी हा दुसरा अर्थ. तिकिटांचे दर वेगळे, बाल्कनी वेगळी. तेव्हा समता आली असं आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या भाषेसाठी दुय्यम खुर्ची पत्करायची नाही, एवढं तरी ठरलं.

१९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ इथे लागला आणि शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे नेमानं होणारे खेळ थांबले. वारसा जपायचा म्हणजे नुसता दर्शनी भाग रंगवायचा का? अनोळखी माणसं एकाच अंधारात शेजारी बसून हसतात, रडतात, ती सवयही जपायला हवी. ती गेली, तर दारावर नुसती अक्षरं उरतील.