‘पुट अप विथ’ आणि ‘खपवून घेणे’ : इंग्रजी पदबंध-क्रियापदांच्या मराठी अध्ययनाचा इतिहास

१

सॅम्युएल जॉन्सनने आपल्या इंग्रजी कोशाला १७५५ साली जी प्रस्तावना जोडली, तीत परभाषकांना इंग्रजी शिकताना सर्वांत मोठी अडचण कोठे येते याची नेमकी नोंद आहे. क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय येऊन बसते आणि मूळ अर्थ ओळखू येईनासा होतो, अशा प्रयोगांकडे त्याने लक्ष वेधले आणि उदाहरणादाखल काही प्रयोगांचे अर्थही दिले. त्यांपैकी ‘फॉल ऑन’ या प्रयोगाचा अर्थ त्याने ‘हल्ला करणे’ असा सांगितला. मराठी वाचकाला येथे थबकावे लागते. ‘फॉल’ म्हणजे पडणे. आणि शत्रूवर हल्ला करणे या अर्थी मराठीतही ‘तुटून पडणे’ असाच प्रयोग आहे. जॉन्सनने परभाषकांसाठी ज्याची फोड केली, त्याच्या फार जवळचा प्रयोग मराठीने स्वतंत्रपणे घडवला होता. तथापि ‘फॉल ऑन’चा अर्थ शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत सामान्यतः ‘हल्ला करणे’ हाच अर्थ उतरत आला.

ही बाब वरवर किरकोळ वाटेल. परंतु इंग्रजी पदबंध-क्रियापदे, म्हणजे ज्यांना आज ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हटले जाते ती, मराठी भाषकाने कशी शिकली या प्रश्नाचे मर्म तीत आहे. या अध्ययनाला स्मरणशक्तीची कसोटी मानले गेले. शब्दांच्या याद्या, यादीतील प्रत्येक जोडीपुढे एक प्रतिशब्द आणि पाठांतर हा त्याचा क्रम राहिला. मराठीच्या स्वतःच्या क्रियापदव्यवस्थेत याच कामासाठी असलेले साधन मात्र वर्गाबाहेर राहिले. त्याची किंमत इंग्रजीच्या अध्ययनाने मोजली, आणि काही अंशी मराठी गद्यानेही.

२

मराठी-इंग्रजी संपर्काचा लिखित पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली, आणि मोल्सवर्थने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर थॉमस कँडीने पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. दोन भाषा एकमेकींसमोर ठेवून वाचण्याची सवय या पिढीने लावली.

या सवयीचा एक परिणाम असा की, समानार्थकता ही शब्दाशब्दांत असते असे गृहीत धरले गेले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने बोलीतील शब्दांबाबत हात आखडता घेतलेला नाही. परंतु उलट दिशेने, इंग्रजीकडून मराठीकडे येताना, शाळेला व कचेरीला हवा होता तो एका शब्दाला एक शब्द. ‘पुट ऑफ’ला ‘स्थगित करणे’, ‘गिव्ह अप’ला ‘त्याग करणे’, ‘लुक इन्टू’ला ‘चौकशी करणे’, ‘पुट अप विथ’ला ‘सहन करणे’ असे प्रतिशब्द रूढ झाले. अर्थाच्या दृष्टीने यांपैकी एकही चूक नाही. चूक आहे ती भाषेच्या पातळीची. इंग्रजीत ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’ हे दोन्ही शब्द आहेत. पहिला लॅटिन वंशाचा व औपचारिक, दुसरा घरगुती. मराठीतही नेमकी अशीच दुहेरी व्यवस्था आहे. ‘स्थगित करणे’ हा ‘पोस्टपोन’चा सोबती आहे, ‘पुट ऑफ’चा सोबती ‘पुढे ढकलणे’ हा आहे. त्याचप्रमाणे ‘टॉलरेट’ म्हणजे ‘सहन करणे’, तर ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘खपवून घेणे’. ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून देणे’. तत्सम नाम आणि ‘करणे’ या साच्याने दोन्ही इंग्रजी शब्दांना एकच मराठी रूप दिले, आणि विद्यार्थ्याच्या लेखी त्या दोहोंतील अंतर नाहीसे झाले. अंतर नाहीसे झाल्यावर सोपा पर्याय उरतो तो एकशब्दी क्रियापदाचा. इंग्रजी शिकलेल्या भारतीयाचे इंग्रजी पुस्तकी वाटते, असे जे वारंवार म्हटले गेले, त्याची एक वाट येथून निघते.

३

विसाव्या शतकात या क्रियापदांना स्वतंत्र नाव मिळाले. लोगन पिअर्सल स्मिथ याने १९२५ सालच्या आपल्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या ग्रंथात ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा रूढ केली. ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्याने नमूद केले आहे. पुढे पाचच वर्षांनी सी. के. ऑग्डेनने ‘बेसिक इंग्लिश’ची योजना मांडली. ८५० शब्दांत सर्व व्यवहार बसवण्यासाठी त्याने क्रियापदांची संख्या विसाच्या आत आणली, आणि उरलेले सारे काम ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’ यांसारख्या क्रियापदांना दिशादर्शक अव्यये जोडून करवून घेतले. शब्दांची यादी लहान झाली, पण अडचण केवळ जागा बदलून बसली. एक नवा शब्द शिकण्याऐवजी दोन ओळखीच्या शब्दांचा अनोळखी अर्थ शिकावा लागणार, हा या योजनेवरचा आक्षेप होता. बंगालमध्ये शिक्षणखात्यात काम केलेला मायकेल वेस्ट हा तिच्या प्रमुख टीकाकारांपैकी एक. त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या सामान्य शब्दसूचीत शब्दाबरोबर त्याच्या प्रत्येक अर्थाची वारंवारिताही दिली, यामागे हीच जाणीव होती.

भारतीय वर्गात मात्र याद्याच टिकल्या. नेसफील्डची व्याकरणे आणि १९३०च्या दशकापासून रेन व मार्टिन यांचे व्याकरण यांतून कोणत्या क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी रूप येते हे पाठ करण्याची रीत दृढ झाली. महाराष्ट्रात तर्खडकर भाषांतर पाठमालेने वाक्यावाक्याच्या भाषांतरातून इंग्रजी शिकवले. तिच्या वाक्यांवर मराठी विनोद पोसला गेला, यावरून ती किती घरांत पोहोचली होती हे दिसते. वाक्य हे एकक मानल्याने तिने शब्दयादीपेक्षा पुढचे पाऊल टाकले होते. परंतु भाषांतराची कसोटी तेथेही अर्थाचीच राहिली. प्रयोगाच्या घडणीची तुलना तिच्या कक्षेत येत नव्हती.

अध्ययनाच्या संशोधनाने या प्रश्नाला १९८०च्या दशकात वेगळे वळण दिले. डॅगट आणि लॉफर यांनी १९८५ साली दाखवले की, हिब्रू भाषक इंग्रजी शिकताना ही क्रियापदे टाळतात व एकशब्दी पर्याय निवडतात. हिब्रूत अशी रचना नाही हे कारण त्यांनी दिले. १९८९ साली हुलस्टाइन आणि मार्चेना यांनी डच भाषकांची पाहणी केली. डचमध्ये अशी रचना आहे. तरी जे प्रयोग डचशी फारच जुळतात, तेच काही विद्यार्थी संशयाने टाळतात असे त्यांना आढळले. आपल्या भाषेतले इतके आपले रूप परक्या भाषेत जसेच्या तसे असेल कसे, हा तो संशय. मराठीची स्थिती या दोन टोकांच्या मधली आहे. मराठीत इंग्रजीसारखे क्रियापदामागून येणारे अव्यय नाही. पण त्या अव्ययाचे काम करणारे दुसरे क्रियापद आहे.

४

हे दुसरे क्रियापद म्हणजे व्याकरणात ज्याला संयुक्त क्रियापद म्हणतात त्याचा उत्तरार्ध. ‘खाऊन टाक’, ‘लिहून ठेव’, ‘पळून जा’, ‘फेकून दे’ यांत टाकणे, ठेवणे, जाणे, देणे यांचा मूळ अर्थ पातळ झालेला असतो आणि क्रियेची पूर्णता, दिशा किंवा कर्त्याचा हेतू त्यांतून व्यक्त होतो. ‘ईट अप’मधील ‘अप’, ‘राइट डाउन’मधील ‘डाउन’ आणि ‘रन अवे’मधील ‘अवे’ हेच करतात. जेथे इंग्रजी प्रयोगाचा अर्थ घटकांवरून कळत नाही, तेथेही मराठी रिकाम्या हाताने उभी नसते : ‘हाणून पाडणे’, ‘उचलून धरणे’, ‘ताणून देणे’ यांचा अर्थ शब्द तोडून लागत नाही. फरक आहे तो असा की, इंग्रजी अव्यय मुख्यतः दिशा व निष्पत्ती सांगते, तर मराठी उपक्रियापद बोलणाऱ्याची भूमिकाही सांगते. ‘करून टाकले’, ‘करून घेतले’, ‘करून ठेवले’ आणि ‘करून बसला’ यांत केलेले काम एकच असू शकते; त्याकडे पाहण्याची नजर चार प्रकारची आहे. म्हणून ही तुलना प्रतिशब्दांची यादी म्हणून वापरता येणार नाही. अर्थ वाक्यात कोठे ठरतो ती जागा ओळखण्याचे साधन म्हणून ती वापरता येते.

ही व्यवस्था मराठीची एकटीची नाही. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सिद्धान्त मांडला. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली त्या क्षेत्राच्या सीमा रेखाटताना संयुक्त क्रियापदाचा एक निकष म्हणून उपयोग केला. सांगलीजवळच्या कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू यांच्या वाक्यरचना परस्परांच्या किती निकट आल्या आहेत, हे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवले. कन्नडात ‘तिंदुबिडु’ म्हणजे खाऊन टाक, ‘बिट्टुबिडु’ म्हणजे सोडून दे, ‘माडिको’ म्हणजे करून घे, ‘बरेदिडु’ म्हणजे लिहून ठेव, ‘ओडिहोगु’ म्हणजे पळून जा. भाषाकुले वेगळी, घडण जवळजवळ एकच. इंग्रजी पदबंध-क्रियापदासमोर उभा राहणारा मराठी भाषक आणि कन्नड भाषक यांच्या हाती एकाच जातीचे साधन असते.

५

या दोघांची गाठ जेथे प्रत्यक्ष पडते, अशा ठिकाणांपैकी म्हैसूरच्या वायव्येचे हूटगळ्ळी हे एक. म्हैसूर हे भारतीय भाषाविचाराचे एक केंद्र. भारतीय भाषा संस्थान १७ जुलै १९६९ रोजी येथेच स्थापन झाले आणि त्याचे आवार ज्या हुणसूर रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर हूटगळ्ळी लागते. एके काळचे हे खेडे औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. २००० नंतरच्या दशकात इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण आवार या भागात उभे राहिले. त्याच्या टपाली पत्त्यात हूटगळ्ळीचे नाव आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीत निवडले गेलेले अभियांत्रिकीचे पदवीधर देशभरातून काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी येथे येऊ लागले. महाराष्ट्रातून येणाऱ्या मराठी माध्यमाच्या तरुणालाही येथे सहकाऱ्यांशी व्यवहार करायचा तो इंग्रजीतून.

संगणकाच्या व्यवसायाची इंग्रजी परिभाषा मोठ्या प्रमाणात पदबंध-क्रियापदांचीच आहे : लॉग इन, बॅक अप, शट डाउन, रोल आउट, रोल बॅक, साइन ऑफ, हँड ओव्हर, फॉलो अप. येथे ती यादीतून शिकली जात नाहीत. कामातून शिकली जातात. आणि ती मराठीत कशी उतरतात हे पाहणे उद्‌बोधक आहे. मराठी त्यांना क्रियापद म्हणून घेतच नाही. ती संपूर्ण जोडीला एक नाम करते व आपले क्रियापद तिच्यापुढे ठेवते : ‘लॉगिन करणे’, ‘बॅकअप घेणे’, ‘फॉलोअप घेणे’. इंग्रजीत ‘शट डाउन’ सकर्मकही आहे व अकर्मकही. मराठी ‘शटडाउन करणे’ आणि ‘शटडाउन होणे’ असा भेद करून आपल्या व्याकरणाची गरज भागवते. पुढच्याच पायरीवर उपक्रियापद परत येते : ‘बॅकअप घेऊन ठेव’, ‘लॉगआउट करून टाक’. ज्या साधनाला वर्गात प्रवेश नव्हता, ते कामाच्या टेबलावर आपणहून हजर होते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मराठीत ‘बॅकअप घेणे’ पक्के झाले की, ते इंग्रजीत ‘टेक बॅकअप’ होऊन परततो. भारतीय इंग्रजीत ‘कोप विथ’चे ‘कोप अप विथ’ होते, ‘रिटर्न’ला ‘बॅक’ जोडले जाते. उलट ‘पिक अप’मधला ‘अप’ गळून ‘पिक’ एवढेच उरते. हे केवळ अज्ञान नव्हे. क्रियेच्या टोकाशी काहीतरी हवे ही जाण त्यात आहे. ते ‘काहीतरी’ कोणते व केव्हा, हे मात्र इंग्रजीच्या नियमांवरून ठरलेले नाही. टाळाटाळ हे मराठी भाषकाच्या अडचणीचे एकमेव रूप नाही, असा यातून निष्कर्ष निघतो.

६

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व अध्यापनापुरते मर्यादित नाही. कादंबरीतील संवाद, नाटकातील चढाओढ, घरातले रागलोभ इंग्रजीत बहुतांशी याच क्रियापदांनी व्यक्त होतात. त्यांना तत्सम नामाचा पोशाख चढवला की, स्वयंपाकघरातले भांडण कचेरीतल्या खलित्यासारखे वाचू लागते. ‘तो तिचे वागणे सहन करीत असे’ आणि ‘तो तिचे वागणे खपवून घेई’ ही दोन वाक्ये अर्थाने एक असली, तरी पहिल्यात एक गुण सांगितला आहे आणि दुसऱ्यात एक नाते. जो विद्यार्थी ‘पुट अप विथ’समोर ‘खपवून घेणे’ ठेवायला शिकतो, तो एक प्रयोग लक्षात ठेवतोच. शिवाय इंग्रजीतील हा प्रयोग ‘टॉलरेट’पासून कोठे वेगळा होतो हेही त्याला आपल्या भाषेच्या कानाने कळते. दोनशे वर्षे हे साधन हाताशी होते. ते वापरात आणण्यासाठी नवे व्याकरण रचण्याची गरज नाही. ‘हल्ला करणे’ लिहिण्यापूर्वी ‘तुटून पडणे’ आठवावे, एवढी शिस्त वर्गाने व भाषांतरकाराने अंगी बाणवली तरी पुरे.