कडीचा आवाज

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील एका यंत्रमाग कामगाराला मनाच्या आजारामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा त्याचे गाऱ्हाणे औषधाविषयी नव्हते, जेवणाविषयीही नव्हते. "भाऊ, रात्री बाहेरून कडी वाजते आणि मी चोर ठरतो," एवढेच तो म्हणाला. आमचे शिक्षण बेताचे. पण त्या वाक्याने आम्हांस पुष्कळ वाचावयास लावले. त्यातलीच एक हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडात यॉर्क शहरी १७७७ साली वेड्यांचे इस्पितळ उघडले. तेथे १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची विधवा दाखल झाली आणि थोड्याच आठवड्यांत वारली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले नव्हते. विल्यम ट्यूक हा चहा-कॉफीचा व्यापारी. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता; परंतु हा मृत्यू त्याने मनाला लावून घेतला. वर्गणी जमविली आणि १७९६ साली शहराबाहेर, टेकडीवर, सुमारे ३० रुग्णांसाठी 'रिट्रीट' उभारले. रिट्रीट म्हणजे विसाव्याची जागा.

त्याचा नातू सॅम्युअल ट्यूक याने १८१३ साली या घराचे वर्णन प्रसिद्ध केले. ते वाचताना आम्ही एका ठिकाणी थबकलो. दारांच्या कड्यांना तेथे चामड्याची वेष्टणे होती. आवाज होऊ नये म्हणून! खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण दिसायला लाकडी. अंगणाला भिंती होत्या. मात्र जमीन उतरती असल्याने त्यांवरून पलीकडचा मुलूख दिसे. अंगणात ससे, कोंबड्या पाळलेल्या. बागेत काम, शिवणकाम. म्हणजे बंदोबस्त होताच, तो सोडला नव्हता. काढून टाकला होता तो अपमान.

पण गोष्ट येथेच संपत नाही. पुढे इंग्लंडात मोठमोठी वेड्यांची इस्पितळे उठली. लंडनजवळ कोलनी हॅच येथे १८५१ साली १,२५० रुग्णांसाठी राजवाड्यासारखी इमारत झाली. रुग्ण वाढतच गेले, दोन हजारांवर पोहोचले. जागा पुरेना म्हणून लाकडी खोपटी बांधली. १९०३ च्या जानेवारीत त्यांना आग लागून ५० हून अधिक स्त्रिया दगावल्या. बाहेरचा दर्शनी भाग कितीही देखणा असो, आत माणसे कोंबली की राजवाड्याचे कोठार होते. हे कारखान्यात आम्ही रोज पाहिले आहे.

आपणही हसण्याचे कारण नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी झापांच्या छपराखाली साखळीने बांधलेले २५ हून अधिक रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाला मनाई केली. सुरक्षित, स्वच्छ जागा आणि खाजगीपणा हा रुग्णाचा हक्क ठरविला.

तथापि कायद्याचा कागद रात्री वॉर्डात फिरत नाही. फिरतो तो परिचारक. पन्नास-साठ माणसांमागे तो एकटा असेल, तर त्याच्या हाती कडीवाचून दुसरे साधन कोणते? ट्यूकच्या घरी चामड्याचे वेष्टण चालले, कारण माणसे मोजकी होती आणि त्यांच्याशी बोलावयास कोणी होते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आपल्या गावच्या अशा रुग्णालयाची नवी इमारत निघाली, तर नकाशा जरूर पाहा. पण रात्रपाळीला माणसे किती, हेही विचारा. आणि एकदा कडी लावून पाहा. ती किती वाजते ते ऐका.