जेम्स वेल्स आणि पेशवेकालीन स्थलचित्रण

अठराव्या शतकात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बहुधा खाडीमार्गे पनवेल बंदरी उतरे व पुढे बोरघाट चढे. पनवेललगतच्या करंजाडे परिसरात आज सिडकोची वसाहत उभी आहे. अशा पालटलेल्या प्रदेशांचे पूर्वरूप दप्तरांतील कागदांवरून क्वचितच कळते. तेथे चित्रांची साक्ष महत्त्वाची ठरते. या दृष्टीने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे कार्य विचारात घेण्याजोगे आहे.

वेल्स याचा जन्म 1747 साली पीटरहेड येथे झाला. ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. चित्रकला मात्र त्याने बव्हंशी स्वप्रयत्नाने साध्य केली. 1791 साली तो मुंबईस आला व पुढील वर्षी पुण्यास गेला. तेथे इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचा त्यास आश्रय लाभला. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे त्याने रंगविली. उपजीविका व्यक्तिचित्रांवर चाले. ओढा मात्र लेण्यांकडे होता. 1793 साली टॉमस व विल्यम डॅनिएल मुंबईस आले, तेव्हा तो त्यांच्यासमवेत घारापुरी व कान्हेरीस गेला.

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवरावांचा अंत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, साष्टी बेटावर लेण्यांची चित्रे काढीत असता जडलेल्या तापाने वेल्सही मरण पावला. त्याचे बरेच काम अपुरे राहिले. मॅलेटने पुढे 1799 साली वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी विवाह केला. मुंबई व तिच्या परिसराच्या बारा दृश्यांचा वेल्सचा संग्रह 1800 साली लंडनमध्ये निघाला. वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये टॉमस डॅनिएलने 1803 साली प्रसिद्ध केली. पेशव्यांच्या दरबारातील तहाचे भव्य चित्रही वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनिएलनेच 1805 साली पूर्ण केले.

वेरूळच्या संग्रहाच्या शीर्षकात वेल्स व डॅनिएल यांची नावे आहेत. गंगाराम चिंतामण तांबट याचे नाव नाही. शनिवारवाड्यातील चित्रशाळेत पाश्चात्त्य पद्धती आत्मसात करून गंगाराम वेल्सचा साहाय्यक झाला होता, आणि वेरूळची लेणी त्यानेही रेखाटली होती. त्याची अनेक रेखाटने आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत.

यावरून वेल्सचे श्रेय उणे होत नाही. त्याच्या पश्चात त्याचे काम डॅनिएलमुळे जगापुढे आले. गंगारामास मात्र असा पाठीराखा लाभला नाही. अशा संग्रहांचा साधन म्हणून उपयोग करताना चित्र कोणाच्या नावे निघाले, एवढ्यावर अभ्यासकाने थांबू नये. मूळ रेखाटन कोणाच्या हातचे होते, हेही तपासणे इष्ट होय.