मॅसॅच्युसेट्स : व्यसनोपचारांचा विमा आणि मतदान यांविषयीचे कायदे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आरोग्यविम्याचे नियमन आणि निवडणुकांचे संयोजन ही दोन्ही कामे मोठ्या प्रमाणात घटकराज्यांकडे आहेत. त्यामुळे व्यसनी रुग्णाला किती दिवसांचे उपचार विम्यातून मिळतील आणि नागरिकाला मत केव्हा व कसे देता येईल, या प्रश्नांची उत्तरे राज्यागणिक बदलतात. ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१४ या एकाच वर्षी दोन्ही विषयांवर कायदे केले. विषयांचा एकमेकांशी वरवर संबंध नव्हता, पण अडचण एकाच जातीची होती. उपचाराचा आणि मताचा हक्क कायद्यात होताच. माणूस अडत होता तो पूर्वपरवानगी आणि मुदत यांपाशी.

हेरॉइन आणि अफूजन्य वेदनाशामके यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू वाढत चालल्यामुळे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी २७ मार्च २०१४ रोजी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. त्यासोबत त्यांनी झोहायड्रो या वेदनाशामकावर बंदीही घातली. केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले औषध राज्याला असे रोखता येत नाही, म्हणून संघीय न्यायालयाने पुढच्याच महिन्यात बंदीला स्थगिती दिली. विम्याच्या क्षेत्रात मात्र राज्याला पुष्कळ मोकळीक होती. २००८ च्या केंद्रीय समानता कायद्यानुसार, मोठ्या गटविम्यात व्यसनोपचार समाविष्ट असतील तर त्यांवर इतर आजारांपेक्षा कडक अटी घालता येत नाहीत. प्रत्यक्षात विमा कंपनीची परवानगी येईपर्यंत रुग्ण ताटकळत राही, किंवा शरीर विषमुक्त करण्याचे चार-सहा दिवस संपताच त्याला घरी जावे लागे. व्यसन सोडण्याची तयारी फार काळ टिकत नाही, आणि विषमुक्तीनंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असताना पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतते. म्हणून या दिवसांतला विलंब केवळ कारभारातली ढिलाई म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

६ ऑगस्ट २०१४ रोजी स्वाक्षरी झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने या टप्प्यावरची पूर्वपरवानगी काढून टाकली. तीव्र अवस्थेतील विषमुक्ती आणि त्यानंतरचे स्थिरीकरण मिळून १४ दिवसांपर्यंतच्या निवासी उपचारांचा खर्च विमा कंपनीने द्यायचा असे ठरले. उपचार आवश्यक आहेत की नाहीत, हे रुग्णाशी बोलून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचे. उपचारकेंद्राने दाखल रुग्णाची माहिती ४८ तासांत कंपनीला कळवायची. सातव्या दिवसापासून कंपनी प्रकरणाची छाननी सुरू करू शकते, पण १४ दिवसांची रक्कम अडवू शकत नाही. अल्प उत्पन्नगटासाठीची मासहेल्थ ही सरकारी योजनाही या तरतुदींत आली.

कायद्याची खरी मर्यादा मात्र राज्याच्या हाताबाहेरची आहे. मोठे मालक अनेकदा विमा विकत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय खर्च स्वतःच्या निधीतून भागवतात. अशा स्वयंवित्त योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली, म्हणजे ‘एरिसा’खाली येतात आणि राज्याचे विमाविषयक आदेश त्यांना लागू होत नाहीत. परिणामी एकाच गावातील दोन कामगारांपैकी एकाला १४ दिवसांची हमी मिळते आणि दुसऱ्याला मिळेलच असे नाही.

गव्हर्नर चार्ली बेकर यांच्या काळात कायद्यांचा रोख औषधचिठ्ठीकडे वळला. मार्च २०१६ च्या कायद्याने प्रौढ रुग्णाला पहिल्यांदा लिहून दिल्या जाणाऱ्या अफूजन्य औषधाला सात दिवसांची कमाल मर्यादा घातली. अशी मर्यादा घालणारे हे पहिले राज्य. २०१८ च्या कायद्याने रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत औषधाधारित उपचारांची सोय बंधनकारक केली आणि काही काउंटी तुरुंगांत तसे उपचार प्रायोगिक पातळीवर सुरू केले. मृत्यू लगेच घटले नाहीत. २०१४ मध्ये अफूजन्य पदार्थांमुळे १,३०० हून अधिक मृत्यू झाले होते, २०२२ मध्ये हा आकडा २,३०० च्या वर गेला. दरम्यान बाजारातील हेरॉइनची जागा फेंटानिल या त्याहून घातक कृत्रिम अफूजन्य पदार्थाने घेतली होती, त्यामुळे या आकड्यांवरून विमाकायद्याचे यशापयश जोखणे घाईचे ठरेल.

मतदानाच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्सची पुरोगामी राज्य ही ख्याती फारशी सार्थ नव्हती. निवडणुकीच्या २० दिवस आधी मतदार नोंदणी बंद होई, आणि मत द्यायचे तर ठरलेल्या एकाच दिवशी. अनुपस्थित मतदारांच्या सवलतीसाठी राज्यघटनेने गावाबाहेर असणे, शारीरिक असमर्थता आणि धार्मिक श्रद्धा ही तीनच कारणे मानली होती. मे २०१४ च्या कायद्याने ऑनलाइन नोंदणी, १६ व १७ वर्षांच्या मुलांची पूर्वनोंदणी आणि आगाऊ मतदान या सोयी आणल्या. आगाऊ मतदान प्रथम २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, २४ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या काळात झाले आणि १० लाखांहून अधिक मतदारांनी त्याचा लाभ घेतला.

२० दिवसांची अट न्यायालयात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती वैध ठरवली. त्याच वर्षी विधिमंडळाने स्वयंचलित नोंदणी मंजूर केली. वाहन परवान्यासाठी किंवा मासहेल्थसाठी अर्ज करणारा पात्र नागरिक नकार कळवत नाही तोवर मतदार म्हणून नोंदला जातो. उपचारांच्या खर्चासाठी सरकारी योजनेत आलेला गरीब रुग्ण अशा रीतीने त्याच अर्जातून मतदार यादीतही येतो. दोन कायदेशाखांचा हा सर्वांत ठोस सांधा म्हणता येईल.

कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, कारण न विचारता टपाली मतदानाची तात्पुरती मुभा मिळाली. २२ जून २०२२ रोजी स्वाक्षरी झालेल्या व्होट्स कायद्याने ती कायम केली, आगाऊ मतदानाचे दिवस वाढवले आणि नोंदणीची मुदत निवडणुकीआधी १० दिवसांवर आणली. मतदानाच्या दिवशीच नोंदणी करू देण्याची सेनेटची सूचना प्रतिनिधीगृहाने मानली नाही. घटनेत तीनच कारणे असताना सर्वांना टपाली मत कसे देता येईल, असा आक्षेप रिपब्लिकन पक्षाच्या राज्याध्यक्षांनी घेतला. न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये तो फेटाळला: ती कारणे अनुपस्थित मतदानाची आहेत, टपालाने होणारे आगाऊ मतदान हा वेगळा प्रकार आहे आणि त्याची व्यवस्था करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे.

कोठडीतील मतदारांचा प्रश्न दोन्ही विषयांच्या सीमेवर येतो. २००० च्या घटनादुरुस्तीपूर्वी या राज्यात शिक्षा भोगणारे कैदीही मत देत. दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगात असलेल्यांचा मताधिकार काढला. सुटकेनंतर तो परत मिळतो. कच्चे कैदी आणि किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा झालेले मतदार राहतात. भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने कच्च्या कैद्यांनाही ही मुभा दिलेली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये व्यसनामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला न्यायालय ‘कलम ३५’ खाली ९० दिवसांपर्यंत सक्तीने उपचारांस पाठवू शकते. पुरुषांना अशा आदेशाखाली तुरुंग प्रशासनाच्या केंद्रांतही ठेवले जाते. स्त्रियांना फ्रेमिंगहॅमच्या तुरुंगात पाठवण्याची पद्धत २०१६ मध्ये बंद झाली. हे लोक कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेले नसतात, म्हणून त्यांचे मत शाबूत असते. व्होट्स कायद्याने पात्र बंदिवानांपर्यंत मतदानाची माहिती व अर्ज पोचवणे आणि सुटणाऱ्या कैद्याच्या हाती नोंदणीचा अर्ज देणे ही जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्यांवर टाकली आहे.