खैऱ्याची कुळकथा

गुरुकुंज मोझरीच्या भागात नाव संत्र्याचं, पण खैऱ्या रोग पाहायचा तर कागदी लिंबाचं झाड गाठावं. भर पावसाळ्यात रोगट पान तोडून उजेडापुढे धरा. खैराच्या रंगाचा खरखरीत फोड, कडा उचललेल्या, मध्ये खळगा, भोवती पिवळं वलय. बोट फिरवलं की पानाच्या दोन्ही अंगांना लागतो. संत्रा बराचसा तग धरतो. लिंबाचं मात्र पान, फांदी, काटा, फळ काही सुटत नाही.

रोग आपल्याकडचाच, जुना. फॉसेट आणि जेंकिन्स या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी लंडनच्या क्यू उद्यानात वाळवून जपलेले नमुने तपासले. भारतातून 1827 ते 1831 या काळात गोळा केलेल्या महाळुंगावर हेच फोड निघाले; 1933 साली त्यांनी ते जाहीर केलं. त्याआधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोग फ्लोरिडात पोचला होता आणि तिथं लाखो झाडं, रोपं जाळावी लागली. 1915 मध्ये क्लारा हॅसे यांनी त्यामागचा जिवाणू ओळखला. आज त्याला झँथोमोनास सिट्री म्हणतात.

फोड म्हणजे जिवाणूने कुरतडलेली जागा नव्हे. ती झाडाचीच वाढ आहे, जिवाणूने करवून घेतलेली. शिंतोड्यांबरोबर तो पर्णरंध्रातून किंवा नागअळीने पोखरलेल्या जागेतून आत शिरतो, पेशीला भिडतो आणि सुईसारख्या नळीतून तिच्यात प्रथिनं सोडतो. त्यांतलं एक पीटीएचए. त्याचं जनुक 1991च्या सुमारास फ्लोरिडात हाती लागलं. हे प्रथिन थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन लॉब-1 हे झाडाचं जनुक चालू करतं, हे 2014 मध्ये कळलं. मग पेशी फुगतात, वाढतात, पानाची साल फाटते आणि पुढच्या सरीबरोबर जिवाणू शेजारच्या फांदीवर जातो.

झाडाच्या एवढ्या जनुकांतून पीटीएचएला नेमकं लॉब-1च कसं सापडतं? त्याच्या घराण्यातल्या प्रथिनांत साधारण 34 अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक तुकडा डीएनएचं एकेक अक्षर ओळखतो. 2009 मध्ये दोन गटांनी ही लिपी उलगडली. तिच्यावरून टॅलेन नावाची जनुकांची कात्री घडली आणि 2015 मध्ये लंडनला रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका बाळाच्या उपचारात ती कामी आली. झाडाला फसवणाऱ्या प्रथिनाचं हे कर्तृत्व मला फार मोठं वाटतं.

लॉब-1 चालू होण्याची जागाच बदललेल्या लिंबूवर्गीय झाडांत खैऱ्या कमी पडतो, हे 2017 मध्ये दिसलं आहे. असं कागदी लिंबू वऱ्हाडातल्या बागाईतदाराच्या हाती यायला हवं. तोवर रोगट फांद्या छाटून जाळायच्या, बोर्डो मिश्रण फवारायचं आणि नव्या पालवीवर नागअळी येऊ द्यायची नाही.